लेकीची आई विचारते: गर्भपात, कायदा आणि आठवड्यांचा हिशेब

गर्भपाताच्या कायद्याविषयी आलेली बहुतेक पत्रं आयांची आहेत, काही लेकीसाठी लिहिलेली आणि काही स्वतःसाठी. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वकील यांनी मिळून दिली आहेत. पत्रांतली ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

आधी मोजणीचं सांगून टाकतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकली त्याच दिवशी साधारण चार आठवडे भरलेले असतात. २० आठवडे म्हणजे १४० दिवस, २४ आठवडे म्हणजे १६८. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वय सांगताना फार तर आठवडाभर चुकते. पाचव्या महिन्यानंतर केलेली पहिलीच सोनोग्राफी दीड-दोन आठवडे इकडेतिकडे जाऊ शकते, आणि कायद्याच्या दारात तेवढ्यावर होकाराचा नकार होतो.

माझं वय ४३. मोठ्या मुलीसाठी स्थळं बघतोय. पाळी दोन महिने आली नाही तेव्हा ती जायची वेळ आली असंच वाटलं. आता मलाच दिवस गेलेत. डॉक्टर म्हणतात, मिस्टरांची सही आणा. ते बोटीवर नोकरीला आहेत, चार महिने येणार नाहीत. — एक वाचक, चिपळूण

मिस्टरांची सही लागत नाही. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त स्वतःची लेखी संमती लागते. तो ‘फॉर्म सी’. पती, सासू, वडील यांच्यापैकी कोणाचीही सही त्यावर नसते. काही दवाखाने पुढे भांडण नको म्हणून ती मागतात. ती त्यांची सोय झाली, कायदा नव्हे. सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. एवढं सांगूनही ऐकलं नाही तर वाद घालत बसू नका, दुसरा दवाखाना किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. दिवस तुमचे जातात.

गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण कायद्याने मान्य केलेलं आहे, त्यासाठी पुरावा द्यावा लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एकाच पात्र डॉक्टरचं मत पुरतं.

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होत असते, त्यामुळे तारखेवरून काढलेल्या आठवड्यांवर विसंबू नका, सोनोग्राफीच करा. नऊ आठवड्यांच्या आत असाल तर गोळ्या किंवा व्हॅक्यूम (नळीने ओढून पिशवी रिकामी करणं), दोन्ही चालतं. नऊ ते बारा आठवड्यांत व्हॅक्यूम बरं. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. लोक सरसकट ‘क्युरेटिन’ म्हणतात, पण लोखंडी चमच्याने पिशवी खरवडण्याची ती जुनी पद्धत आता वापरू नये. कोणत्या पद्धतीने करणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि रक्तगट आधी तपासायचा.

‘नसबंदीचं ऑपरेशन करून घेणार असाल तरच’ अशी अट कोणी घातली तर तीही बेकायदा. त्याच बैठकीत तांबी बसवून घेता येते. चाळिशीनंतर बसवलेली ३८० ए प्रकारची तांबी पाळी पूर्ण जाईपर्यंत ठेवता येते. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर त्यानंतरही दोन वर्षं काळजी घ्यायची असते.

मुलगी १६ वर्षांची आहे. क्लासमधल्या मुलाशी संबंध होते. दोन महिने वर झालेत. दवाखान्यात म्हणाले, आधी पोलिसांत जा. तिच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. — एक आई, नगर जिल्हा

इथे दोन कायदे एकमेकांवर आदळतात. अठरा वर्षांखालच्या मुलीशी आलेला संबंध, तो तिच्या मर्जीने असला तरी, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे आणि ज्याला कळेल त्याने तो कळवायचा आहे. डॉक्टरने कळवलं नाही तर त्याला शिक्षा आहे, म्हणून डॉक्टर घाबरतात. याच भीतीने मुली गावठी इलाजाकडे जातात हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या त्याच निकालात वाट काढली: गर्भपातापुरती माहिती कळवताना, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर, डॉक्टरने मुलीचं नाव व ओळख सांगायची गरज नाही. पुढे फौजदारी खटला झाला तरी तिची ओळख उघड करायची नाही. विनंती तोंडी न ठेवता दोन ओळींत लिहून द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. हा निकाल सगळ्या दवाखान्यांत पोचलेला नाही, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्या.

संमती ‘पालकाची’ लागते. कायद्यात पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. तुम्ही एकट्या पुरेशा आहात, वडिलांची सही अडत नाही. कोर्टाची परवानगीही नको. अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, फक्त २० नंतर एकाऐवजी दोन डॉक्टरांचं मत लागतं. जिल्हा रुग्णालयाने टाळाटाळ केली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांची मदतवाहिनी १५१००, मुलांसाठीची १०९८. वकील फुकट मिळतो.

संबंध बळजबरीचा होता असं मुलीने सांगितलं, किंवा तक्रार करायचं ठरलं, तर एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना सांगा: डीएनए तपासणीसाठी नमुना जपायचा आहे. तो फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकला की वाया जातो, कारण फॉर्मलिन डीएनएची मोडतोड करतं. नेहमीच्या सवयीने बरणी फॉर्मलिनचीच पुढे येते, म्हणून आधी सांगायचं. नमुना थंड ठेवून, सीलबंद करून, पोलिसांच्या पावतीवर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला पाहिजे.

आणखी एक, जे तुमच्या पत्रात आलेलं नाही: मुलीला काय हवं आहे? एप्रिल २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. खटल्याचं नावच ‘अ (क्ष हिची आई) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं. उच्च न्यायालयाने नाकारलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला, गर्भ जवळजवळ तीस आठवड्यांचा असताना, दिली. आठवडाभरात मुलीच्या जिवाला धोका वाटून आईवडिलांचं मत बदललं आणि न्यायालयाने आदेश मागे घेतला. त्या निकालात लिहिलं आहे की संमती गर्भवतीची सर्वांत महत्त्वाची, आणि अल्पवयीन मुलीचं मत पालकांहून वेगळं असेल तर ते वजनात धरायचं. म्हणजे सही आईची असली तरी मुलीला खोलीबाहेर बसवून ठरवायचं नाही. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

मेडिकलमधून ‘किट’ आणून लेकीला दिलं तर चालेल का? दवाखान्यात बोभाटा होतो. — एक वाचक, लातूर

नाही. किटमध्ये असतं ते असं: मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. औषध चांगलं आहे, भारतात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत, त्याला मान्यता आहे. बिघडतं ते आधीच्या तपासण्या टाळल्यामुळे. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव होतो, आपल्याला वाटतं काम झालं, आणि पंधरा दिवसांनी नळी फुटते. आत तांबी असेल तर ती आधी काढावी लागते. हिमोग्लोबिन कमी असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, बरेच दिवस स्टिरॉइड घेत असेल तर हा मार्गच बदलतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टर ठरवतात. द्यायचं तर ७२ तासांच्या आत.

गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि महाराष्ट्रात तपासण्यांच्या धास्तीने बरेच दुकानदार ती ठेवतही नाहीत. त्यामुळे चोरून मिळते ती अनेकदा अर्धवट असते: फक्त मिसोप्रोस्टॉल, किंवा चाराऐवजी दोनच गोळ्या. मग अर्धवट गर्भपात.

डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतल्यावर घरी लक्ष ठेवायचं ते असं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनंतर काही तासांत पोटात कळा आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव, गाठी पडणं, हे अपेक्षित आहे. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर थेट दवाखाना. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, वास येणारा स्राव झाला, तरी दवाखाना. काहीच रक्तस्राव झाला नाही तर त्याहून लवकर. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. लघवीची चाचणी चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह राहू शकते, त्यावरून घाबरून दुसरं किट घेऊ नका. आणि पुढचं बीज आठ-दहा दिवसांतही तयार होऊ शकतं. ‘पाळी आल्यावर बघू’ म्हणणाऱ्या पुन्हा महिन्याभरात येतात.

बोभाट्याबद्दल: नाव उघड करणं हा २०२१च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद. नोंदवही वेगळी, गोपनीय ठेवायची असते. रिसेप्शनवर मोठ्याने नाव पुकारलं तर तिथेच हरकत घ्या.

मुलीला २१वा आठवडा. सोनोग्राफीत बाळाची कवटी बनलेली नाही असं आलं. जिल्हा रुग्णालय म्हणतं, मेडिकल बोर्डाकडे जा. ती सासरी आहे, मी इथे. — एक आई, सोलापूर

बोर्ड, म्हणजे सरकारने नेमलेलं तज्ज्ञ डॉक्टरांचं मंडळ, २४ आठवड्यांनंतर लागतं. २० ते २४ आठवड्यांत, बाळ जगण्याची शक्यता नसेल किंवा गंभीर व्यंग असेल तर दोन पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. कवटी न बनणं यात निःसंशय बसतं. तरी जबाबदारी वर ढकलायची म्हणून रुग्णालयं बोर्डाकडे पाठवतात. लेखी मागा: कोणत्या कलमाखाली बोर्ड? बहुधा तिथेच काम होतं. २४ ओलांडलेच तर अर्ज मिळाल्यापासून बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं आणि पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. २४ची मर्यादा गंभीर व्यंगाला लागूच होत नाही. जानेवारी २०२३मध्ये पुण्याच्या ससूनच्या बोर्डाने दिवस फार झाले म्हणून नकार दिलेल्या एका बाईला मुंबई उच्च न्यायालयाने ३३व्या आठवड्यात परवानगी दिली. निर्णय तिचा, बोर्डाचा नव्हे, असं म्हणून. २००८मध्ये मुंबईतच हृदयदोष असलेल्या गर्भासाठी २४व्या आठवड्यात आलेली याचिका फेटाळली गेली होती. त्या दोन निकालांच्या मधल्या काळात कायदा बदलला आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं. दोन-तीन दिवस भरती. आधी मिफेप्रिस्टोन, दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ठरावीक तासांनी. खऱ्या बाळंतपणासारख्या कळा येतात. वेदनाशामक आधीच मागून ठेवा, ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून ते टाळलं जातं. आधी सिझेरियन झालं असेल तर डोस कमी करतात, म्हणून ते आवर्जून सांगा. बाळ पाहायचं की नाही हे मुलीला विचारा, तुम्ही ठरवू नका.

तिसऱ्या दिवशी दूध येतं. हे कोणी सांगत नाही, आणि मुली तिथेच कोसळतात. डिस्चार्जच्या आधीच दूध थांबवण्याच्या गोळीबद्दल विचारा; कॅबरगोलिन देतात, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतात. घट्ट ब्रा आणि थंड शेक द्या, पिळून काढू नका.

बाळाची तपासणी आणि जनुकीय नमुना घ्यायला सांगा. पुढच्या वेळी धोका किती, हे त्यावरून कळतं. पुढच्या गर्भारपणाआधी किमान एक महिना, जमलं तर तीन, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायचं. अशा इतिहासात डोस नेहमीच्या दहापट असतो. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. आणि पुढच्या वेळी पहिली नीट सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत. कवटीचा दोष तेव्हाच दिसतो. पाचव्या महिन्याची वाट बघण्यातच हे आठवडे गेले.

लेकीला एक मुलगी आहे. आता १४ आठवडे, आणि दोघांनाही दुसरं नको. डॉक्टर म्हणतात, ‘पहिली मुलगी आहे, बारा आठवड्यांवर आम्ही करत नाही.’ आमच्यावर संशय का? — एक वाचक, सांगली

संशयामागे कारण आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्यही महाराष्ट्रच, १९८८मध्ये. मुंबईतल्या स्त्री संघटनांच्या रेट्याने. केंद्राचा कायदा १९९४चा.

पण तो कायदा लिंग सांगण्याला आणि विचारण्याला बंदी घालतो, गर्भपाताला नाही. पहिली मुलगी असलेल्या बाईला १२ आठवड्यांनंतर नाही म्हणायचं, असं कोणत्याही कलमात नाही. झालं असं की सोनोग्राफी केंद्रांवर नजर ठेवण्याऐवजी गर्भपात केंद्रांच्या नोंदी चाळणं सोपं पडलं. त्याची किंमत मुलगी असलेल्या आईने मोजायची, हे उलटंच झालं. नकार लेखी मागा, सरकारी रुग्णालयात जा. १२ आठवड्यांवरचा गर्भपात करायला केंद्राला वेगळी मान्यता लागते. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र बघा. कधीकधी खरं कारण तेच असतं आणि सांगितलं जातं भलतंच.

लिंग कळल्यावरून हे चाललं असेल तर मात्र या पत्राचं उत्तर वेगळं आहे. तशी चाचणी करवणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. बाईवर दबाव होता असं कायदा गृहीत धरतो.

मुलगी डॅलसला असते. पहिलटकरीण, आठवा आठवडा. मी बाळंतपणाला जाणार आहे. टेक्ससमधल्या बंदीबद्दल ऐकून झोप उडाली आहे. इथून गोळ्या नेऊन ठेवू का? — एक आई, पुणे

गोळ्या नेऊ नका. टेक्ससमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, मदत करणाऱ्यावर कोणीही दिवाणी दावा लावू शकतो, आणि गोळ्या आणणाऱ्या-पाठवणाऱ्यांसाठी २०२५मध्ये आणखी कायदा झाला. गर्भवतीवर खटला होत नाही. आणून देणाऱ्या आईला ती सवलत नाही.

काय चालतं ते आधी नीट समजून घ्या. नळीतला गर्भ काढणं, आणि ठोके थांबलेल्या गर्भाची पिशवी रिकामी करणं, हे टेक्ससच्या कायद्यात गर्भपात धरलं जात नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. बलात्कार आणि न जगणारं बाळ यांना अपवाद नाही. सर्वांत अवघड जागा आहे ती पाणमोट फार लवकर फुटते पण ठोके चालू असतात ती. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे कळूनही ठोके आहेत म्हणून थांबल्याने बेळगावची सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२मध्ये आयर्लंडच्या गॉलवेत जंतुसंसर्गाने गेली. आयर्लंडने २०१८मध्ये सार्वमताने, ६६.४ टक्क्यांनी, कायदा बदलला. अमेरिकेत उलट घडलं: २४ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून प्रश्न राज्यांवर सोडला.

म्हणून मुलीने आत्ताच करायच्या गोष्टी. दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तावरून होणारी गुणसूत्रांची चाचणी, आणि ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी. विसाव्या आठवड्याची वाट नको. डॉक्टरना सरळ विचारायचं: गंभीर दोष निघाला तर तुम्ही मला कोणत्या राज्यात पाठवाल? न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोमध्ये आठवड्यांची मर्यादा नाही. विमा दुसऱ्या राज्यात चालतो का, हेही. पाणी गेलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, नाडी जलद झाली, स्रावाला वास आला, तर घरी थांबायचं नाही, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं.

आपल्याकडे गर्भपात निवडणुकीचा मुद्दा का होत नाही? — एक वाचक, ठाणे

कारण आपल्याकडे तो हक्क म्हणून आलाच नाही. १९६४मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बाया मरत होत्या, आणि सरकारला लोकसंख्येची चिंता होती. १ एप्रिल १९७२ला कायदा लागू झाला, रस्त्यावर फारसं कोणी उतरलं नाही.

त्याची दुसरी बाजू अशी की गर्भपात मुळात अजूनही गुन्हाच आहे. आधी दंड विधानात होता, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८व्या कलमात. १९७१चा कायदा डॉक्टरला त्यातून संरक्षण देतो. बाईने मागितलं म्हणून मिळेल, असं तो पहिल्या आठवड्यालाही म्हणत नाही. डॉक्टरचं मत लागतंच. न्यायालयं त्यापुढे गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये भायखळा तुरुंगातल्या बायांच्या प्रकरणात निर्णय बाईचाच, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये अविवाहितेलाही २४ आठवड्यांची मुभा दिली, नवऱ्याची बळजबरीही त्यात धरली. पण ऑक्टोबर २०२३मध्ये दोन मुलांच्या, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने त्रस्त आईला २६व्या आठवड्यात त्याच न्यायालयाने नकार दिला, कारण बाळात दोष नव्हता. उमेदवार दारात आले तर जिल्हा रुग्णालयात १२ आठवड्यांनंतरचा गर्भपात करणारे किती डॉक्टर आहेत, एवढं विचारून बघा.

गर्भपातानंतर नोकरीवर रजा मिळते का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मिळते. नोव्हेंबर २०२५पर्यंत प्रसूती लाभ कायद्याच्या नवव्या कलमाखाली, आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या ६५व्या कलमाखाली, गर्भ आपोआप पडला किंवा वैद्यकीय गर्भपात केला तर दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा. मात्र आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पुरावा म्हणून डॉक्टरचं प्रमाणपत्र द्यायचं. त्यात कारण लिहायला लावू नका, ‘कलम ६५ खाली पात्र’ एवढं पुरतं. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून न नेता सरळ मनुष्यबळ विभागात, पोच घेऊन द्या.